झ्यूससाठी मोर्चा निघत नाही

१९९९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टीव्हीवर एक ग्रीक योद्धी भारतात आली आणि संकटात सापडल्यावर तिने श्रीकृष्णाचा धावा केला. तिचं नाव झीना. अंगावर चामड्याचं चिलखत आणि कमरेला फेकून मारायचं धारदार चक्र. हे शस्त्र मुळात आपल्याकडचंच, ते तिच्या कमरेला कसं आलं याची चौकशी त्या मालिकेत कुणी करत नसे. तिची मैत्रीण गॅब्रिएल आणि अहिंसेचा पुरस्कार करणारा ईलाय या दोघांना असुरांचा राजा इंद्रजित पळवून नेतो. हनुमान झीनाच्या मदतीला येतो. मग कृष्ण प्रकट होतो आणि तिचा मार्ग योद्ध्याचा आहे, तो तिने सोडू नये, असं तिला सांगतो. शेवटच्या लढाईत इंद्रजित झीनाचे हात छाटतो, तेव्हा कृष्णाच्या कृपेने तिला आणखी हात फुटतात आणि कॅलेंडरवरच्या देवीसारखी बहुभुजा होऊन ती त्याला संपवते. भागाचं नाव होतं ‘द वे’.

आपल्या घरातल्या कुठल्याही आजीने पहिल्या पाच मिनिटांत हरकत घेतली असती. इंद्रजित म्हणजे रावणाचा मुलगा मेघनाद. तो त्रेतायुगातला, लक्ष्मणाच्या हातून मेलेला. कृष्ण द्वापरातला. त्यांना एका कथेत कोंबायचं आणि त्यात एक ग्रीक बाई घालायची, म्हणजे भाकरीबरोबर चॉकलेट. पण १९९९ मध्ये झालेला वाद युगांच्या घोळावरून नव्हता.

‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ ही मालिका १९९५ मध्ये सुरू झाली. ‘हर्क्युलिस’ या मालिकेच्या पोटातून ती निघाली आणि लवकरच तिच्या पुढे गेली. सॅम रेमी आणि रॉब टॅपर्ट निर्माते, लुसी लॉलेस ही न्यूझीलंडची अभिनेत्री झीनाच्या भूमिकेत आणि चित्रीकरण ऑकलंडच्या आसपास. तिथले डोंगर कधी ग्रीस होत, कधी चीन, कधी रोम. कालगणनेचं भान ठेवायचं नाही, हाच या मालिकेचा गमतीचा भाग होता. ज्युलियस सीझर तिथे झीनाचा वैरी होता, बायबलमधला डेव्हिड एका भागात गोल्याथशी लढून गेला आणि युद्धदेव एरिस काळ्या चामड्याचे कपडे घालून तिच्याशी लगट करत असे. प्रेक्षक हे सगळं मोठ्या प्रेमाने बघत. झीना आणि गॅब्रिएल यांची मैत्री नुसती मैत्री आहे की प्रेम, यावर चाहत्यांची भांडणं चालत आणि लेखकही त्या भांडणात मुद्दाम तेल ओतत. चौथ्या हंगामात या जोडीला भारतात पाठवायचं ठरलं. त्या भागांमध्ये दोघी अंगभर मेंदी काढून लढल्या, आपले पुढचे जन्म बघून आल्या आणि शेवटी ‘द वे’पर्यंत पोहोचल्या.

भाग प्रसारित झाल्यावर वर्ल्ड वैष्णव असोसिएशनने निषेध सुरू केला. ‘अमेरिकन हिंदूज अगेन्स्ट डिफेमेशन’ ही संघटनाही त्यात उतरली. तक्रारीचा गाभा असा, की कृष्ण आणि हनुमान ही आम्हा कोट्यवधी लोकांची आज, आत्ता, रोज सकाळी पूजली जाणारी दैवतं आहेत. तुम्ही त्यांना हर्क्युलिस आणि एरिस यांच्या रांगेत काल्पनिक पात्र म्हणून उभं केलंत. काही निषेधकर्त्यांनी झीना आणि गॅब्रिएल यांच्या नात्यावरही बोट ठेवलं आणि अशा नायिकेच्या मदतीला कृष्णाला आणणं अश्लाघ्य म्हटलं. तिथे या मोहिमेची बाजू लंगडी झाली, असं मला वाटतं. आक्षेप देवाच्या चित्रणाला असेल तर तो चित्रणापाशीच थांबवायला हवा होता. त्यात दोन बायकांचं प्रेम ओढून आणल्यावर मूळ तक्रार कुणाची आणि कशाची, तेच कळेनासं झालं.

वितरक कंपनी स्टुडिओज यूएसएने १९९९ च्या पूर्वार्धातच हा भाग वितरणातून काढून घेतला. मग झीनाचे चाहते चिडले. एका गटाच्या तक्रारीवरून आख्खा भाग कपाटात टाकायचा का, म्हणून त्यांनीही पत्रांचा मारा केला. शेवटी काही बदल करून आणि खुलासा जोडून तो पुन्हा दाखवला गेला. या सगळ्यात गंमत अशी, की त्या भागातला कृष्ण उपहासाचा विषय नव्हताच. तो शांत होता, समजूतदार होता आणि लढायला कचरणाऱ्याला तुझं कर्तव्य लढण्याचं आहे, असं सांगत होता. हे कुठून घेतलंय, ते आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही कळलं असतं. लेखकांनी भगवद्गीतेचं सार त्यांच्या परीने बरंच आदराने वापरलं होतं. तरी लोक दुखावले, आणि का दुखावले हेही समजण्यासारखं आहे.

झीनाच्याच पाचव्या हंगामाचा शेवट २००० मध्ये झाला, तेव्हा नायिकेने ऑलिंपसवरच्या बऱ्याच देवांचा फडशा पाडला. अथीनासुद्धा तिच्या हातून मेली. एकही स्टुडिओ हादरला नाही. झ्यूसच्या, अथीनाच्या बाजूने पत्र लिहिणारं उरलंय कोण? त्या देवळांमध्ये आता तिकीट काढून जातात. पाश्चात्त्य करमणुकीच्या धंद्याला पुराणं म्हणजे मालक नसलेला वाडा वाटत आला होता, हवी ती तुळई काढा, हवा तो खांब न्या. तीच सवय घेऊन ही मंडळी आमच्या वाड्यात शिरली आणि आत दिवा लागलेला दिसला, तेव्हा ती खरोखर गोंधळली. त्यात द्वेष होता असं म्हणायला मला आधार सापडत नाही. आत कुणी राहतं का हे न विचारण्याची बेपर्वाई मात्र पुरेपूर होती.

हा प्रसंग एकटा नव्हता. दोन वर्षं आधी, १९९७ मध्ये, ‘एरोस्मिथ’ या रॉक बँडचा ‘नाइन लाइव्ह्ज’ हा अल्बम आला. मुखपृष्ठावर कालियाच्या फण्यांवर नाचणारा कृष्ण, फक्त त्याच्या धडावर मांजराचं डोकं. इंग्रजीत मांजराला नऊ जन्म असतात, म्हणून मांजर. मूळ चित्र वैष्णव पुस्तकांत छापल्या जाणाऱ्या कालियामर्दनाच्या चित्रावरून घेतलेलं होतं आणि ते कुठून आलं हे आम्हाला माहीत नव्हतं, असं बँडने सांगितलं. सोनी कंपनीने माफी मागितली आणि मुखपृष्ठ बदललं. अमेरिकन हिंदूज अगेन्स्ट डिफेमेशन ही संघटना याच वर्षी, विश्व हिंदू परिषदेच्या अमेरिकेतल्या शाखेच्या आश्रयाने उभी राहिली. अजय शहा तिचे संयोजक. नाव कुठून स्फुरलं ते उघड आहे. अमेरिकन ज्यूंनी १९१३ मध्ये आपल्या बदनामीविरुद्ध अशीच एक संस्था काढली होती आणि अल्पसंख्याकांनी प्रसारमाध्यमांशी कसं बोलायचं याचा धडा तिने घालून दिला होता. पत्र संपादकाला लिहायचंच, पण जाहिरातदारालाही लिहायचं. कलाकाराशी वाद घालत बसायचं नाही, कंपनीच्या कायदेविभागाला गाठायचं.

१९९८ मध्ये मॅडोनाची पाळी आली. एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात ती झिरझिरीत कपड्यांत आणि कपाळावर वैष्णवांचा टिळा लावून गायली. पुढच्या जुलैत, म्हणजे झीनाचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच, स्टॅनली कुब्रिकचा शेवटचा चित्रपट ‘आइज वाइड शट’ लागला. त्यातल्या मुखवटे घातलेल्या माणसांच्या कामक्रीडेच्या प्रसंगात पार्श्वसंगीत म्हणून गीतेच्या चौथ्या अध्यायातला, धर्मसंस्थापनेचं वचन देणारा श्लोक म्हटला जात होता. कुब्रिक मार्चमध्येच वारला होता, त्याला विचारायची सोय नव्हती. वॉर्नर ब्रदर्सने नंतरच्या आवृत्त्यांतून तो श्लोक बदलला. इथे मात्र मला आक्षेप सोळा आणे पटतो. श्लोकाचा अर्थ आणि पडद्यावरचं दृश्य यांचा काही संबंध असता, विरोधाचा का होईना, तर कलावंताच्या बाजूने बोलता आलं असतं. संस्कृत तिथे नुसती गूढ वाटणारी कुजबुज म्हणून वापरली होती.

एवढं सगळं दोन-अडीच वर्षांत का घडलं? अमेरिकेच्या जनगणनेत १९९० मध्ये भारतीय वंशाचे साधारण सव्वाआठ लाख लोक होते, २००० मध्ये पावणेसतरा लाखांच्या वर. दुप्पट. त्यातले पुष्कळजण संगणकावर काम करणारे, ईमेल वापरणारे. निषेधाचं पत्र एका रात्रीत हजारो पेट्यांत पोहोचवणं या लोकांना हातचा मळ होता. पण संख्येपेक्षा जुनी गोष्ट आठवणीत होती. १९८७ मध्ये न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांवर हल्ले केले होते. डॉट म्हणजे कपाळावरची टिकली. भारतीयांना या शहरातून घालवण्यासाठी कुठल्याही थराला जाऊ, असं पत्र त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला पाठवलं. त्या हल्ल्यांत एक पारशी तरुण जिवानिशी गेला, ज्याच्या घरात टिकलीचा प्रश्नच नव्हता. दहा वर्षांनी तीच टिकली पॉप गायिकांच्या कपाळावर फॅशन म्हणून आली आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली. ज्या बाईने १९८७ मध्ये बसथांब्यावर उभं राहताना टिकली काढून पर्समध्ये ठेवली असेल, तिने हे बघून काय म्हणावं?

आणि त्याच १९८७ मध्ये, २५ जानेवारीला, इकडे रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली होती. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडत. लोक आंघोळ करून बसत, टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. पाठोपाठ ‘महाभारत’ आलं आणि आपला नितीश भारद्वाज कृष्ण झाला. मराठी सिनेमातला हसरा पोरगा रातोरात पाया पडण्याजोगा झाला. या मालिकांच्या कॅसेटी परदेशात घरोघरी गेल्या. तिथे वाढणाऱ्या मुलांनी हनुमान पहिल्यांदा बघितला तो दारासिंगांच्या रूपात. बारा वर्षांनी त्याच टीव्हीवर झीनाच्या भागातला हनुमान आला, तेव्हा त्या घरांतल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर दारासिंग असणार.

पेणच्या कारखान्यात गणपती घडत असतो तेव्हा कारागीर त्याच्या सोंडेवर पाय टेकून पलीकडचा रंगाचा डबा घेतो. कुणाला काही वाटत नाही, कारण ती अजून शाडू आहे. घरी चौरंगावर बसवून प्राणप्रतिष्ठा झाली की तिथे चप्पल घालून जाणं बंद. विसर्जनानंतर पुन्हा माती. देवपण कधी येतं आणि कधी जातं याची आपल्याकडे रीतसर वेळ असते. टीव्हीवर ही वेळ कुणी ठरवायची? १९८७ मध्ये ती प्रेक्षकांनी ठरवली. सागरांनी मालिका बनवली, प्राणप्रतिष्ठा हार घालणाऱ्यांनी केली. झीनाच्या बाबतीत ऑकलंडमधल्या चित्रीकरणात जे शाडूचं होतं, ते न्यू जर्सीतल्या एखाद्या दिवाणखान्यात पोहोचेपर्यंत देव झालेलं होतं. निर्माता आणि भक्त दोघे आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच भांडण मिटण्यासारखं नव्हतं.

मराठी माणसाने या विषयावर बोलताना जरा आपल्या अंगणातही बघावं. देवाची थट्टा आपल्याकडे पाप नाही, ती कलाप्रकार आहे. तमाशात आधी गण होतो, गणपतीला हात जोडले जातात आणि लगेच गवळण सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, लुगडं नेसलेला पुरुष मावशी होऊन पुढे येतो आणि मग जी शब्दांची फटकेबाजी चालते ती ऐकून एखाद्या कंपनीचा कायदेविभाग बेशुद्ध पडेल. सिंधुदुर्गातल्या दशावतारात काळ्या मुखवट्याचा, लाल जिभेचा संकासुर वेद चोरून आणतो आणि समोर बसलेल्या गावकऱ्यांची टोपी उडवतो. जनाबाईने विठ्ठलाला घातलेल्या शिव्या आपण भक्तीने गातो. गणेशोत्सवात गणपतीच्या हातात बॅट देतो, त्याला सिनेमातल्या नायकाच्या पवित्र्यात उभा करतो आणि त्यापुढे आरती म्हणतो.

पडद्यावरचा देव तर महाराष्ट्रातच जन्माला आला. मुंबईच्या एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघताना दादासाहेब फाळक्यांच्या मनात आलं, की असेच आपले राम-कृष्ण दिसले पाहिजेत. म्हणजे परक्यांचा देव बघून आपला देव पडद्यावर आला, हा इतिहास आहे. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, ज्यूंची ती संस्था निघाली त्याच साली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंकेंनी राम केला आणि सीताही केली. दोन्ही. हे साळुंके फाळक्यांना ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत स्वयंपाक करताना सापडले होते. पिळदार दंडाची ती सीता पडद्यावर आली तरी कुणी अवमान झाला म्हणून ओरडलं नाही. उलट राम दिसला की लोक हात जोडत, असं सांगतात.

दोन वर्षांनी ‘कालियामर्दन’ आला. कृष्ण होती फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, वय सात. या चित्रपटाची सुरुवात बघण्यासारखी आहे. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके त्या पोरीलाच जवळून दाखवतात. ती रडते, रागावते, हसते, गाल फुगवते. मग हळूहळू तिच्या जागी बाळकृष्ण दिसू लागतो. म्हणजे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलं, की बाबांनो, ही आमची मंदा आहे, आता ती कृष्ण होणार आहे, बघा. आणि प्रेक्षकांनी मंदाला बघूनही कृष्णच बघितला. १९१९ ची ही मंदाकिनी आणि १९९७ चं मांजराच्या डोक्याचं मुखपृष्ठ, दोन्हीकडे तोच कालिया आणि त्याच्या फण्यांवरचं तेच नृत्य. फाळक्यांनी काय केलं, तर सोंग आणि देव यांच्यामधला जिना प्रेक्षकाला चढून दाखवला. मुखपृष्ठ रचणाऱ्यांना तिथे वर कुणी आहे याचाच पत्ता नव्हता.

तमाशातल्या पेंद्यालाही हाच न्याय लागतो. तो गण झाल्यानंतर बोलतो, ज्यांच्यात वाढला त्यांच्यापुढे बोलतो, आणि जास्त बोलला तर पुढच्या रांगेतला पाटील जागेवर उठून त्याला गप्प करू शकतो. टीव्हीच्या पेटीला पुढची रांग नसते. म्हणून पत्रं लिहावी लागतात.

अर्थात सगळीच परदेशी थट्टा एका मापाची नाही. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेत किराणा दुकान चालवणारा अपू १९९० पासून होता. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गणपतीचं देवघर. १९९७ च्या एका भागात अपूचं लग्न मोडण्यासाठी होमर गणपतीचं सोंग घेऊन मांडवात येतो. हत्तीचं डोकं, चार हात, आव देवाचा. वऱ्हाडी फसत नाहीत, उलट त्याला पिटाळतात. हे मला कधी टोचलं नाही. हसं होतं ते होमरचं, आणि सोंगाड्याला देव न समजण्याइतके मांडवातले लोक शहाणे दाखवले आहेत. अपूवरचा खरा राग पुढे निघाला तो त्याच्या बोलण्याच्या ढबीवरून. हरी कोंडाबोलू या विनोदवीराने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला आणि २०२० मध्ये आवाज देणारे हँक अझारिया बाजूला झाले. म्हणजे देवाच्या सोंगापेक्षा माणसाची नक्कल जास्त जिव्हारी लागली. शाळेत कुणी मुलांना गणपतीवरून नसेल चिडवत, अपूच्या आवाजात मात्र नक्की चिडवत.

२०१७ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या मांस उत्पादकांच्या संस्थेने कोकराच्या मटणाची जाहिरात आणली, ऐन अनंत चतुर्दशीच्या तोंडावर. एका टेबलाभोवती सगळे देव आणि धर्मसंस्थापक जेवायला बसलेत. येशू, बुद्ध, मोझेस, आमचा गणपती आणि, हो, झ्यूससुद्धा. इस्लामच्या पैगंबरांना पडद्यावर आणलं नाही, ते फोनवरून येता येत नसल्याचं कळवतात. आणायचं कुणाला आणि नाही कुणाला, हे जाहिरात कंपनीने नीट तोलूनमापून ठरवलं होतं, असा त्याचा अर्थ. शिवाय गणपतीच्या हत्तीपणावर एक कोटी. आता आपल्याकडे म्हसोबाला बोकड चालतो, गणपतीला नाही, हे गावातलं पोरगंही सांगेल. भारताच्या उच्चायुक्तालयाने ऑस्ट्रेलियन सरकारकडे अधिकृत नाराजी नोंदवली. तिथल्या जाहिरात नियामक मंडळाकडे तक्रारींचा ढीग लागला. मंडळाने आधी तक्रारी फेटाळल्या, मग स्वतंत्र पुनर्विलोकनानंतर नोव्हेंबरमध्ये त्या मान्य केल्या. तोवर जाहिरातीचा हंगाम उलटून गेला होता आणि मटण खपलं होतं.

मग ही गोष्ट घरी आली. १५ जानेवारी २०२१ ला ॲमेझॉन प्राइमवर ‘तांडव’ ही मालिका आली. दिग्दर्शक अली अब्बास जफर. तिच्यात एका विद्यापीठातलं नाटक आहे. मोहम्मद झीशान अय्युबचं विद्यार्थी नेत्याचं पात्र मंचावर शंकर होतं, कोटबिट घालून, आणि नारदासारखा सूत्रधार त्याला सांगतो की समाजमाध्यमांवर रामाचे अनुयायी वाढताहेत, देवा, तुम्हीही काहीतरी करा. बांधणी बघितली तर ही सरळ आपल्या लोकनाट्याची आहे. देव आणि सोंगाड्या, चालू राजकारणावर चिमटा. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात असली दहा-वीस नाटुकली दरवर्षी होतात. फरक एवढाच, की याची पुढची रांग आख्खा देश होती आणि रंगमंचाचा मालक सिॲटलचा.

दोन दिवसांत लखनऊच्या हजरतगंज ठाण्यात गुन्हा दाखल झाला. मुंबईत घाटकोपरला आमदार राम कदमांनी तक्रार दिली. १८ जानेवारीला दिग्दर्शकाने आणि चमूने बिनशर्त माफी मागितली, दुसऱ्या दिवशी दृश्यं बदलण्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या निषेधकर्त्यांना १९९९ मध्ये एवढं मिळालं की प्रकरण मिटत असे. इथे ते माफीनंतर वाढलं. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून अंतरिम संरक्षण द्यायला नकार दिला. झीनाच्या वेळी भक्तांच्या हातात पोलीस नव्हते, फक्त टपाल होतं, आणि त्या टपालाला एक प्रतिष्ठा होती. हरकत घेणारा तिथे अल्पसंख्याक होता, त्याला समजावून सांगावं लागत होतं. इथे समजावून सांगायची गरज कुणाला वाटली नाही. पुढच्या रांगेतला पाटील उठला तो थेट हवालदाराला घेऊनच.

२५ फेब्रुवारी २०२१ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने ॲमेझॉनच्या भारतातल्या अधिकारी अपर्णा पुरोहित यांचा अटकपूर्व जामीन नाकारला. त्याच दिवशी केंद्र सरकारने ऑनलाइन मालिकांसाठी नवे नियम अधिसूचित केले. २ मार्चला ॲमेझॉनने पुन्हा एकदा जाहीर माफी मागितली. ५ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने पुरोहित यांना अटकेपासून संरक्षण दिलं आणि त्याच सुनावणीत सरकारच्या नव्या नियमांना दात नाहीत, असा शेरा मारला. सरकारी वकिलांनी ते आणखी कडक करण्याचा विचार करू, असं सांगितलं.